माचावरचा पेंढा

हर्षलाला हाक मारली की ती ‘ओ’ म्हणायची. दुसऱ्या कोणाला हाक मारली तरी म्हणायची. शेजारच्या शेडमधली ठमाबाई आपल्या नातीला, “ए प्रिया, कळशी आण गं,” म्हणाली की इकडून हर्षला म्हणे, “ओ.” भाजीचा टेंपो भोंग्यावर ओरडत गेला तरी “ओ.” दरड आल्यापासून दोन महिन्यांत त्या नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडून एवढंच बाहेर पडलं होतं. आणि तेही इतक्या घाईने, की हाक मारणाऱ्याचा शब्द पुरा व्हायच्या आत.

पोरांना तो खेळ झाला होता. नळावर पाणी भरताना एक जण हाक मारी, ती ओ देई, आणि बाकीची हसत. सोनुबाई हंडा खाली ठेवून त्यांच्या अंगावर जाई. पोरं पळत. मग ती हर्षलाचा हात धरून तिला शेडमध्ये आणी, आणि तो हात कोरड्या काटकीसारखा लागे.

सोनुबाई तिची चुलती. टेपवाडीच्या वरच्या आळीतली अकरा घरं आषाढात डोंगराखाली गेली, त्यांत तिचा दीर सहदेव, जाऊ नंदा आणि त्यांचा तीन वर्षांचा मुलगा गेले. सहदेव तिसऱ्या दिवशी सापडला. नंदा आणि मुलगा सापडले नाहीत. आठव्या दिवशी माती उपसणारं मशीन परत गेलं. हर्षला तेवढी दरड आली त्याच संध्याकाळी ओढ्याकाठी अनवाणी सापडली. ती तिथे कशी आली, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. ती तर बोलतच नव्हती.

खालच्या आळीतली घरं उभी होती, पण सरकारने ती रिकामी केली आणि उरलेल्या माणसांना खालापूरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवलं. भिंती पत्र्याच्या, वर पत्रा, खाली सिमेंटचा कोबा. सोनुबाई, तिचा नवरा हिरू आणि हर्षला, तिघं एका खोलीत.

पाऊस आला की हर्षला खोलीत थांबत नसे. पहिली सर पत्र्यावर वाजली की ती उठून बाहेर जाई आणि मोकळ्यात, विजेच्या खांबाशी पाय पोटाशी घेऊन बसे. ओढून आत आणली तर अंग ताठ करी. दात एवढे आवळी की ओठातून रक्त येई. मग सोनुबाईच प्लास्टिकची खोळ घेऊन तिच्याजवळ जाऊन बसे. दोघी तशा तासन्‌तास. श्रावणभर पाऊस होता, भाद्रपदातही सुटला नव्हता. पोर झोपायची ती ऊन पडलं की, उकिडवीच, आणि तेही घटकाभर.

गेल्या सोमवारी सरकारकडून मुलांची पाहणी करणाऱ्या ऋजुता मॅडम आल्या होत्या. तरुण बाई, बोलायला चांगली. हर्षलाचं वजन केलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या.

“सोनुबाई, हिची तब्येत उतरत चालली आहे. पुढच्या सोमवारी मी परत येते. फरक दिसला नाही तर हिला पनवेलच्या बालगृहात ठेवावं लागेल. तिथे डॉक्टर आहेत, पक्की इमारत आहे.”

“तिथं आमाला ऱ्हायाला देतील?”

“नाही. महिन्यातून एकदा भेटता येईल.”

हिरू दाराशी उभा होता. तो म्हणाला, “मॅडम, हितं हाक मारनारी मानसं वळखीची तरी हायत.”

मॅडमनी कागदावर पुढच्या सोमवारची तारीख लिहिली. त्या दिवसापासून सोनुबाई दिवस मोजत होती.

*

गुरुवारी दत्तोपंत गुरुजी आले. ते कर्जतचे. नोकरीतून सुटून बारा वर्षं झालेली. आठवड्यातून तीनदा एसटीने येत आणि मधल्या रिकाम्या शेडमध्ये वाडीच्या पोरांना घेऊन बसत. पहिल्या दिवशी त्यांनी हजेरी घेतली, तेव्हा हर्षलाने सगळ्यांच्या नावाला ओ दिली आणि पोरं लोळलोळून हसली. दुसऱ्या दिवसापासून गुरुजींनी नावं पुकारायचं सोडलं. ते खिशातून मूठभर चिंचोके काढून चटईवर ठेवत. आलेल्या मुलाने एक चिंचोका उचलून वाटीत टाकायचा, झाली हजेरी. हर्षलाही टाकी. तेवढं ती रोज नेमाने करी.

त्या दिवशी शिकवणं चालू असताना सर आली. हर्षला उठून बाहेर गेली. गुरुजींनी तिला अडवलं नाही. सोनुबाई खोळ घेऊन निघाली, तिला मात्र ते म्हणाले, “सोनुबाई, तिच्याकडे मी जाऊन बसतो. तुम्ही तुमच्या खोलीत जा, दार लावा आणि डोळे मिटून बसा.”

“कशापायी, गुरुजी?”

“बसा तर खरं. मग मला सांगा.”

खोळ त्यांच्या हातात देऊन ती खोलीत गेली. कोब्यावर बसून तिने डोळे मिटले. आधी नुसता पाऊस होता. मग जोर वाढला, पत्रा चारी बाजूंनी कडाडू लागला, आणि तिच्या पाठीतून काहीतरी सरसरत वर आलं. त्या संध्याकाळी ती आणि हिरू खाली खाचरात भाताची आवणी लावत होते. चिखलात वाकलेली असताना तिने डोंगरावरून असाच आवाज ऐकला होता. कोणीतरी हजार गाड्या धोंडे एकदम ओतावेत तसा. ती दार उघडून धावत बाहेर आली.

“ह्ये तर तेच हाय,” ती म्हणाली.

गुरुजी खांबाशी भिजत बसले होते. खोळ त्यांनी सगळी पोरीवर घातली होती. “तुम्ही कामात असता म्हणून तुम्हाला ते ऐकू येत नाही. हिला तेवढंच ऐकू येतं. बोलण्याचं मागाहून बघू. आधी तो आवाज मारायला हवा.”

हिरू बाजूला विडी विझवत उभा होता. तो वर पत्र्याकडे बघत राहिला. “वर पेंढा घातला तर आवाज मरंल,” तो म्हणाला. “हातभर जाड घालाय होवा.”

“भादव्यात पेंढा देनार कोन तुमाला?” सोनुबाई म्हणाली. “ज्याचा त्याचा गुरांनी खाऊन संपला.”

“सहदेवच्या माचावर हाय.”

ओढ्याच्या अलीकडे, घरापासून तीसेक पावलांवर, चार खांबांच्या माचावर सहदेवने पेंढ्याची उडवी रचलेली होती. दरड घर घेऊन गेली आणि ओढ्याशी वळली. माच राहिला. बैल गोठ्यातच गाडले गेले, त्यामुळे पेंढा खायला कोणी उरलं नव्हतं.

“त्या घरची काडी नको,” ती म्हणाली. “मेलेल्यांचं हाय ते. नंदाचं अजून काय केलं नाय आपुन, हाड गावलं नाय तिचं. आन् तिच्या दारचा पेंढा पोरीच्या डोक्यावर घालायचा?”

“मंग सोमवारी पनवेलला धाड.”



*

शुक्रवारी पहाट सरल्यावर दोघं टेपवाडीला चढली. वाटेवर पिवळी पट्टी बांधलेली होती. हिरूने ती उचलून धरली आणि सोनुबाई वाकून आत गेली. आपल्याच वाडीत चोरासारखं शिरताना तिला लाज वाटली. खालच्या आळीत त्यांचं घर कुलूपबंद होतं. अंगणात गवत मांडीएवढं. वरच्या आळीकडे तिने पाहिलं नाही. तिथे लाल माती होती, आणि मातीवर एवढ्यातच हिरवं तण आलं होतं.

हिरू माचावर चढला. उडवीचा वरचा थर काळा पडून कुजला होता. तो त्याने कोयत्याने ओढून टाकला. खाली पेंढा कोरडा, पिवळा निघाला. तो पेंढ्या खाली टाकी, सोनुबाई भारे बांधी. काम दुसरं काही सुचू देत नव्हतं. अंगाला पेंढ्याचं टोचरं कूस लागत होतं, पाठीतून घाम वाहत होता. सात भारे झाले, आठवा बांधायला घेतला, तेव्हा वरून हिरू म्हणाला, “हितं कोनीतरी बीळ केलंय गं.”

“घूस आसंल.”

“घूस न्हवं. तू वर ये.”

ती शिडीवरून चढली. उडवीच्या मागच्या अंगाला, घराकडून दिसणार नाही अशा बाजूला, पेंढ्यात एक पोकळी केलेली होती. पोर पाय दुमडून मावेल एवढी. तळाचा पेंढा अंगाने दबून गुळगुळीत झालेला. आणि तोंडाशी दोन निळ्या चपला, एकीला एक लावून, नीट ठेवलेल्या.

हिरू चपलांकडे बघत राहिला. “म्हंजे पोर हितं होती.”

सोनुबाई तिथेच बसली. माचावरून खाली त्यांचं खाचर दिसत होतं. त्या संध्याकाळी ती तिथे वाकली होती. आणि आवाज येण्याच्या आधी तिने दुसरं काहीतरी ऐकलं होतं, ते आता तिला आठवलं. नंदाची हाक. नंदाचा गळा मोठा, तिची हाक खाचरापर्यंत पोचायची. “हर्षला, ए हर्षला, घरात ये गं.” पाच-सहा वेळा. मनात सोनुबाई म्हणाली होती, कार्टी आज परत रुसून बसलेली दिसतेय. मग एक हाक अर्धीच आली होती. आणि मग डोंगर.

चपला तिने पदरात बांधल्या. दिवसभरात त्यांनी चौदा भारे डोक्यावरून खाली आणले, प्रत्येक खेपेला गुडघाभर चिखलातून. संध्याकाळी रस्त्यावर ते टेंपोत टाकताना तिची मान वळत नव्हती.

*

शनिवारी सकाळी उघडीप होती. हिरू पत्र्यावर चढला आणि पेंढा पसरू लागला. हर्षला खांबाशी बसून बघत होती. पेंढा दिसल्यापासून तिची नजर त्यावरून हलली नव्हती, पण ती उठून गेलीही नव्हती. सोनुबाईने चपला अजून पदरातून सोडल्या नव्हत्या.

गावाकडे पेंढा शाकारला की तो वाऱ्याने उडू नये म्हणून वर धोंडे ठेवायची रीत. हिरूचा बाप ठेवायचा, हिरूही ठेवायचा. त्याने खालून चार धोंडे पाटीत भरून घेतले होते. उघड्या कडेला पहिला धोंडा त्याने सवयीने टाकला. पत्रा दणाणला.

हर्षला उठली आणि पळाली. खांब सोडून, नळ सोडून, सरळ मोठ्या रस्त्याकडे. सोनुबाई मागे धावली. तिने तिला रस्त्याच्या कडेच्या गटाराशी गाठलं आणि कमरेला मिठी घातली. एक ट्रक भोंगा वाजवत गेला. “ओ,” पोर म्हणाली. “ओ, ओ, ओ.” तिला धाप लागली होती.

परत आल्यावर सोनुबाई नवऱ्याकडे बघत उभी राहिली. तो पत्र्यावर बसला होता, हात मांडीवर.

“हात मोडला आसता तं बरं झालं आसतं,” तो म्हणाला.

“खाली उतरा. धोंडं नको. पेंढ्याची दोरी वळू आन् आवळून बांधू.”

“येवढी दोरी? दोन दिस जातील.”

“मंग जातील.”

दोरी वळायला दोघं लागतात. एकाने बसून पेंढा जोडत जायचं आणि दुसऱ्याने टोक पीळ देत मागे मागे सरायचं. हे दुसरं काम घरात पोरांचं. हिरू गाठीसाठी काठ्या आणायला गेला होता. सोनुबाईने मुठीत पेंढा घेऊन पहिला पीळ घातला, तोच कोणीतरी टोक धरलं. हर्षला होती. तिने टोक दोन्ही तळव्यांत घेतलं, वळलं, एक पाऊल मागे गेली. परत वळलं. बापाने शिकवलेलं काम ते.

गुरुजी तेवढ्यात एसटीतून उतरून आले. त्यांनी ते लांबूनच पाहिलं आणि ठमाबाईच्या दारातल्या फळीवर बसले. सोनुबाई पाण्याचं निमित्त करून त्यांच्याकडे गेली. पदराची गाठ सोडून चपला दाखवल्या आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं. माच, पोकळी, नंदाच्या हाका.

“इचारू का मी तिला?” ती म्हणाली.

गुरुजींनी बराच वेळ चपलांकडे पाहिलं. “विचारू नका. तिला सगळ्यांनी विचारून झालंय. तुम्ही काय ऐकलंत ते तुम्ही सांगा. खरं तेवढंच. तिला बरं वाटावं म्हणून वर काही घालू नका.”

ती परत येऊन बसली. चपला जमिनीवर ठेवल्या. हर्षलाने त्या पाहिल्या. तिचे हात थांबले. मग परत वळू लागले.

“काल माचावर गेलो व्हतो,” सोनुबाई पेंढा जोडत म्हणाली. “तुझी जागा बगितली. मी त्या दिशी खाली आवनीत व्हते. तुझ्या आयची हाक मला आयकू आली. पाच-सा येळा हाक मारली तिनं तुला. मी म्हटलं, पोर रुसलीया. आन् मी परत खाली वाकले. मी पन वर बगितलं नाय गं.”

दोरी तीन हात वाढली. चार हात वाढली. सोनुबाईने मान वर केली नाही.

“आयनं मारलं व्हतं,” हर्षला म्हणाली.

आवाज घोगरा होता, वापरात नसलेल्या कडीसारखा. सोनुबाईचे हात पेंढ्यातच राहिले.

“दूध सांडलं म्हून. मंग मी माचावर गेले. आय हाका मारत व्हती. मला आयकू येत व्हतं. मी ओ नाय दिली.”

“हं.”

“ओ दिली आसती तर आय मला न्यायला माचाकडं आली आसती. बाळ्याला कडंवर घिऊन आली आसती. ती बाळ्याला सोडून कुटं जात नाय.”

सोनुबाईच्या तोंडाशी शब्द आले, नाही गं, तसं काही नसतं. ती ते गिळून बसली. ओढा ओलांडून माचापर्यंत तीस पावलं. आली असती नंदा. वाचलीही असती. ते खोटं आहे असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

“आली आसती,” ती म्हणाली. “नायतर तू घरात गेली आसतीस, आन् माज्यापाशी कोनीच उरलं नसतं. काय झालं आसतं त्ये मला म्हाईत नाय. मी आयकलं, मी गेले नाय. तू आयकलं, तू ओ दिली नाय. पोरं रुसत्यात, बाय. सासरी गेली ना तुजी चुलत बहीन, ती ल्हान आसताना तिला मी आख्खी दुपार शोधली हाय, ती कनगीमागं बसून हसत व्हती. त्या दिशी डोंगर आला नाय, येवढंच.”

हर्षलाच्या तळव्यांतला पीळ सुटला. चार हात दोरी भिंगरीसारखी उलटी फिरून उलगडली. ती मटकन खाली बसली आणि तिच्या तोंडून आवाज फुटला. गुरासारखा, लांब. ठमाबाई दारात आली. नळावरची पोरं थांबली. गुरुजींनी हाताने सगळ्यांना लांब राहायला सांगितलं. सोनुबाईने तिला ओढून मांडीत घेतलं, आणि पेंढ्याचं कूस दोघींच्या अंगाला चिकटलं.

*

रविवारी दुपारपर्यंत पत्रा झाकून झाला. हातभर जाड पेंढा, वर आडव्या-उभ्या दोऱ्या, टोकं भिंतीच्या पाइपाला बांधलेली. हर्षलाने दोऱ्या धरल्या. बोलली चारच शब्द. रात्री उठून बसलीच.

तीन वाजता शेडवर देखरेख ठेवणारा नीलेश मोटारसायकलवरून आला. गाडी बंद न करताच वर बघत राहिला.

“हे काय? गोठा करून ठेवलाय?”

“पोरीसाठी केलंय, साहेब.”

“कोणासाठी पण असू दे. आग लागली तर बारा खोल्या जातील. शुक्रवारी वरचे साहेब येणारेत. हे दिसलं तर माझी नोकरी जाईल. काढ.”

“आवो, पोर झोपत नाय आवाजानं.”

“मग बाकीची पोरं कशी झोपतात?”

“बाकीची पन नाय झोपत,” ठमाबाई दारातून म्हणाली. “तुमी कवा पावसात हितं ऱ्हायलात?”

नीलेशने तिच्याकडे पाहिलं नाही. हिरूने हात जोडले. जोडलेल्या हातांच्या तळव्यांना फोड आले होते. “शुक्रवारपत्तुर ऱ्हाऊ द्या, साहेब. आमी गोठ्यातलीच मानसं. शुक्रवारी मीच उतरवीन.”

“गुरुवारी संध्याकाळी,” नीलेश म्हणाला, आणि गेला. हिरूचे हात तसेच जोडलेले राहिले होते. सोनुबाईने जाऊन ते खाली केले.

*

सोमवारी सकाळपासून आभाळ भरून आलं. अकराला सर आली. सोनुबाई चुलीशी होती. तिने वर पाहिलं. पत्रा वाजला नाही. वर कोणीतरी धान्य पाखडावं तसा मऊ, बारीक आवाज येत होता, आणि पाख्यांतून पिवळं पाणी ठिबकत होतं. हर्षला दारापर्यंत गेली. चौकटीला हात लावून उभी राहिली. बाहेर खांबाकडे पाहिलं, मग वर. तिथेच उंबऱ्याच्या आत खाली बसली. सोनुबाई भाकरी थापत राहिली. मागे वळून बघायचा तिला धीर झाला नाही.

बाराला ऋजुता मॅडमची गाडी आली. पाऊस जोरात होता. सोनुबाई त्यांना छत्रीत घ्यायला रस्त्यापर्यंत गेली.

“कशी आहे?”

“बोलली. शनवारी.”

“खरंच? बोलवा तिला. मला दोन-चार प्रश्न विचारायचे आहेत.”

खोली आता दहा पावलांवर आली होती. सोनुबाईने सवयीने तिथूनच हाक मारली.

“हर्षला.”

ओ आली नाही.

दोन महिन्यांत असं झालं नव्हतं. सोनुबाईच्या हातातली छत्री कलली. मॅडमच्या खांद्यावर पाणी पडलं. तिने खांबाकडे पाहिलं, मग मोठ्या रस्त्याकडे. मग छत्री तशीच मॅडमच्या हातात देऊन ती धावली.

पोर दाराच्या आत, कोब्यावर आडवी झालेली होती. एक हात डोक्याखाली, दुसरा उरलेल्या मूठभर पेंढ्यावर. तोंड अर्धं उघडं. ओठावर जुन्या जखमेची खपली. पोट वर जात होतं, खाली येत होतं. उकिडवी नव्हती. पाय पसरले होते तिने.

सोनुबाई उंबऱ्यावर बसली. दुसरी हाक तिने मारली नाही.

मॅडम मागून आल्या. त्यांनी आत पाहिलं, वर पेंढ्याकडे पाहिलं. “उठवा ना दोन मिनिटं. मला आजच लिहून द्यायचं आहे.”

“नाय, मॅडम.”

“सोनुबाई, मला वरती काहीतरी सांगावं लागेल.”

“मंग ह्येच सांगा, पावसात झोपली म्हून. गुरवारी हा पेंढा उतरवायचा हुकूम हाय, त्ये पन लिवा. आन् बसा तुमी हितं. उठंल तवा उठंल.”

मॅडमनी चिखलाच्या चपला काढल्या, त्या निळ्या चपलांशेजारी ठेवल्या आणि उंबऱ्याच्या दुसऱ्या टोकाला टेकल्या. कागद मांडीवर उघडा होता. पेनाचं टोपण त्यांनी काढलं नाही.

पाऊस पडत राहिला. पलीकडच्या दारातून ठमाबाईने हाक मारली, “ए प्रिया, कुठं हायस गं?”

सोनुबाई वळून पोरीच्या ओठांकडे बघत राहिली. ते हलले नाहीत.

“ओ,” लांब नळावरून प्रिया म्हणाली.